मूळ, अर्थ, शंका

पक्षाघाताने शरदिनीताईंचा उजवा हात गेला, तेव्हा त्यांचं पुस्तक अर्धंच झालं होतं. जन्मभर संस्कृत शिकवल्यावर एका जुन्या व्याकरणग्रंथावर त्या मराठीत लिहीत होत्या. मुलगा कुशल बंगळूरची नोकरी घरूनच करायचं ठरवून दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरी परतला आणि फावल्या वेळात आईसाठी संगणकावर लिहायचा साधासा एडिटर तयार करू लागला.

पहिल्याच दिवशी आईने कीबोर्ड दूर सारला.

"पानाचा समास सरकवायला तीन कळा एकदम दाबू? एका हाताने?"

"सवय होईल, आई."

"मला समास सरकवायचाच नाहीये. हे मूळ सूत्र, हा त्याचा अर्थ आणि ही माझी शंका, एवढंच मी सांगणार. कोण कुठे बसेल ते तुझ्या यंत्राने बघावं."

कुशलने केलेलं सगळं पुसलं. आता नव्या ओळीवर 'म' लिहून जागा सोडली की मूळ सूत्र मधोमध जाई, 'अ'ने अर्थ डावीकडून सुरू होई, 'श'ने शंका थोडी आत सरके. तरी आई अडलीच.

"शंका संपली हे त्याला कसं कळणार?"

"तुला कसं कळतं?"

"मी जरा थांबते."

मग रिकाम्या ओळीवर एंटर दाबला की परिच्छेद संपू लागला. त्या हिवाळ्यात शरदिनीताई रोज लिहीत होत्या.

फाल्गुनात दुसरा झटका आला आणि वाचा गेली. कुशलने लॅपटॉप पलंगावर आणून ठेवला. बऱ्याच वेळाने आईने डाव्या हाताने एकच ओळ लिहिली: मालविका पुढचं करेल का?

मालविका त्यांची जुनी विद्यार्थिनी, मंगला गौरीच्या देवळाजवळ राहायची. निरोप मिळताच आली. "कोशिश करते, बाई," म्हणाली आणि उशाशी बसून पुढचं लिहू आणि लिहिलेलं वाचून दाखवू लागली. पटलं नाही की शरदिनीताई तिचं मनगट धरत. आषाढात त्या गेल्या.

तेरा दिवस झाल्यावर मालविका पुन्हा कामाला बसली. दुपारी तिने कुशलला हाक मारली.

"दादा, यात 'उत्तर' पण हवं. बाईंच्या सगळ्याच शंकांना उत्तर देणं मला जमणार नाही. पण दोन-चार ठिकाणी मला काही म्हणायचंय."

"आईला चाललं असतं?"

"बाई भांडल्या असत्या माझ्याशी," मालविका म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

कुशल तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"उत्तर शंकेच्याच रेषेत ठेवू, की आणखी आत?"