पाणकराची बांधी

धान निसवायला आलं, तरी केशरबाईच्या बांधीत पाणी पोचेना. आणखी आठ दिवस असेच गेले तर लोंब्या पोचट राहणार होत्या.

नवल याचंच की ही बांधी मूळची पाणकर यादोरावची. तलावाचं पाणी सोडायचं, पाट सांभाळायचा, त्याबद्दल गावानं त्याच्या बापजाद्यांना दिलेली. पाटाच्या अगदी शेवटी. पण कोरड्या सालातही तिथं कधी पाणी कमी पडलं नव्हतं. यादोरावचे गुडघे धरले, तेव्हा केशरबाईनंच तलावाला लागून असलेली आपली बांधी त्याला दिली आणि ही घेतली. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यातली ही अदलाबदल. पाऊस त्या साली कमीच पडला.

पाणी जातं तरी कुठं? एका सकाळी ती शेवटाकडून पाटाच्या काठानं वर निघाली. चोर कुणी दिसला नाही. पाटात गुडघाभर गवत होतं. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपत होतं. मधल्या शेतकऱ्याच्या, गोपीचंदच्या, बांधाचं तोंड उघडंच राहिलेलं. त्याची बांधी भरून पाणी नाल्यात चाललेलं. पुढं यादोरावची बांधी आली आणि तिथून वर मात्र पाट आरशासारखा साफ. एक बीळ नाही, एक काडी नाही.

यादोराव तलावाची पार उतरून येत होता.

"यादोभाऊ, माह्याकडे पाणी काहून नाही येत?"

"मी तं रोज सोडतो बाई. येऊन राहिलं असन."

"पाह्यलं काय?"

त्यानं फावड्यावर रेलून खाली पाटाकडं पाहिलं.

"पयले रोज जात होतो," तो हळूच म्हणाला. "पाट पाहाले नाही जात होतो. माह्या धानाले पाहाले जात होतो. जाता-जाता बीळ दिसलं का बुजवत होतो."

"आन् आता धान इथंच दिसते."

"इथंच दिसते."

दोघं खाली निघाली. तो बिळं बुजवी, ती गवत उपटी. गोपीचंद बांधावर तंबाखू मळत बसला होता.

"काय पाणकर, आज इकडं रस्ता चुकला काय?"

"चुकलाच होता," यादोराव म्हणाला. "तू तोंड बुजव पयले."

दिवस कलताना पाणी केशरबाईच्या बांधीत शिरलं. भेगांत आधी बुडबुडे आले. ती वाकून बघत बसली.

"धान कापला का माही बांधी मले परत दे," यादोराव म्हणाला.

"आन् तुमचे टोंगळे?"

"इकडं चालत तरी होते बाई. तिकडं बसून-बसून जास्त धरले."

ती हसली. मग तिला आठवलं, शेजारच्या गावच्या पाणकराचं शेत तर तिथल्या तलावाच्या पायथ्याशीच आहे. त्यांच्या शेवटच्या बांधीत पाणी पोचतं की नाही, हे अड्याळच्या बाजारात त्यांच्या बायांना विचारायचं तिनं ठरवलं.