नापास रोप

"अहो, मुळं काहून कापून राहिले?" विभावरी ओसरीतल्या खुर्चीतून ओरडली.

अच्युतने मान वर केली नाही. मांडीवर स्टीलची पट्टी, हातात ब्लेड. "पिशवी आठ इंचाची आहे, मूळ अकरा इंच. बसणार कसं?"

"मग लांब पिशवी आणा नं."

"सगळ्या एका मापाच्या आणल्या आहेत."

छत्तीस वर्षं तो कारखान्यात फिटर होता. सुतभर चुकलेला भाग त्याने कधी पुढे जाऊ दिला नाही. आता निवृत्ती झाली होती. दसऱ्यापर्यंत क्वार्टर सोडायचं, मग घरांची ही जुनी ओळ पाडणार आणि तिच्यासोबत मागचं चारोळीचं झाडही जाणार. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात विभावरीने पाटनच्या बाजारातली चारं, म्हणजे चारोळीची फळं, खाऊन बिया परसात थुंकल्या होत्या, त्यातलंच ते. पाडव्याच्या श्रीखंडावर घरचीच चारोळी असे. अर्धांगवायूने उजवा हात-पाय गेल्यापासून तिचा दिवस त्या झाडावरच उगवे, त्याच्यावरच मावळे. शहपुऱ्याला मुलीकडे, संपदाकडे जायचं ठरलं, तेव्हा तिने एकच मागितलं होतं, "याचं एक लेकरू संग घ्या."

झाडाखाली सात रोपं आपसूक उगवली होती. वर बोटभर, खाली हातभर. सहा मापात कापून पिशव्यांत बसली. सातव्याचं मूळ दगडाला वेढा घालून वाकडं झालेलं. सोडवता येईना, मोजता येईना.

"हे नापास."

"अच्छा? मग मलाही टाका त्याच ढिगात!" विभावरी हसली. "इकडं आणा ते, दगडासकट."

त्याने ते मातीच्या ढेकळासकट डालड्याच्या जुन्या डब्यात घातलं आणि तिच्या खुर्चीपाशी ठेवलं. रोज सकाळी ती डाव्या हाताने त्यावर लोटा कलता करी. निम्मं पाणी फरशीवर सांडे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दारात टेम्पो लागला. अच्युत पिशव्या उचलायला मागे गेला, तो परतेचना. शेवटी विभावरीनेच हाक मारली.

तो रिकाम्या हाताने आला. "साही गेली. मुळं कापली तिथनंच काळी पडली." ओसरीच्या पायरीवर बसला. "माप बरोबर होतं गं, विभा."

तिने डाव्या पायाने डबा हळूच त्याच्याकडे सरकवला.

डब्यात तांबूस कोवळी दोन पानं फुटली होती. रोप एका अंगाला कललेलं. अच्युत डब्यावर वाकला.

"बाबूजी, चलें?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"रुको भैया, एक मिनट."

त्याने खिशातली स्टीलची पट्टी काढली, डब्यात खोचली आणि कललेलं रोप सुतळीने तिला सैलसं बांधलं. मग विभावरीला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि डबा तिच्या मांडीवर दिला.

पट्टीवरचे पहिले चार इंच मातीखाली गेले होते.