दोन मेव्हणे आणि एक मऊ ब्रेक

भोंग्याला भोंगा हे नाव ट्रकच्या अड्ड्यावर पडलं होतं. त्याच्या जुन्या ट्रकचा हॉर्न एकदा बंद पडला, तर चार-सहा महिने कोणाला पत्ताच लागला नाही. खिडकीतून डोकं काढून तो असा काही ओरडायचा की पुढची गाडी निमूट बाजूला व्हायची. अशा माणसाने सध्या एका माणसापुरतं तोंड शिवून घेतलं होतं. तो माणूस म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि त्या जुन्या ट्रकला हात लावू शकणारा एकमेव मेस्त्री.

भांडणाचं कारण एवढंसंच होतं. मेस्त्री अड्ड्यावर चारचौघांत म्हणाला होता, "आमचे भाऊजी गाडी चालवत नाहीत, गाडीच भाऊजींना फिरवून आणते." लोक हसले. भोंगाही हसला, घरी आला आणि जेवला नाही. त्या दिवसापासून अबोला. बरं, अबोला धरून माणसाने लांब तरी राहावं! पण ट्रक जुना, त्याला आठवड्यातून एकदा तरी मेस्त्री लागायचाच. त्यामुळे दोघं एकाच चाकापाशी उकिडवे बसून एकमेकांशी बोलायचे नाहीत, आणि मधे उभी राहून बोलायची ती बायको.

"ताई, भाऊजींना सांग, अठराचा पाना दे म्हणावं."

"अहो, तो अठराचा पाना मागतोय."

"त्याच्या ढुंगणाखाली आहे, म्हणावं."

हे सगळं हातभर अंतरावरून.

पण या वेळी मामला निराळा होता. भोंग्याच्या लेकीला मोठ्या गाडीचं लायसन मिळालं होतं आणि उद्या सकाळी ती पहिल्यांदा एकटीने ट्रक घेऊन डोंगरावरच्या खाणीत जाणार होती. जाताना रिकामी, येताना फरशीने भरलेली, आणि येतानाचा तो उतार सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होता. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. भोंग्याच्या गुडघ्याने राजीनामा दिला होता, म्हणून लेकीने स्टेअरिंग धरायचं ठरलं. तसं तिला लहानपणापासून दुसरं काही धरायचंच नव्हतं.

म्हणून आज सकाळी अंगणात तिने गाडी दोन हात पुढे-मागे करून पाहिली आणि खाली उतरली.

"बाबा, ब्रेक मऊ आहे. पेडल तळाला जातं."

"दोनदा दाबायचं," भोंगा म्हणाला. "पहिल्यांदा दाबलं की जागं होतं, दुसऱ्यांदा दाबलं की लागतं."

"आणि पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे कोणी आडवं आलं तर?"

भोंगा मोठ्याने खोकला. खरं सांगायचं तर पेडल मऊ झालं होतं ते गेल्या आठवड्यापासून. पुढच्या दोन्ही चाकांतले ब्रेकचे सिलिंडर गळत होते, म्हणून नवे आणून बसवले तेव्हापासून. पण त्याचा पाय असा मुरलेला, की दुसऱ्याच दिवशी आपोआप दोनदा दाबायला लागला आणि डोक्याला काही कळवायच्या भानगडीत पडला नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात शेंगा निवडत होती. तिने सगळं ऐकलं. तिने ट्रकची चावी उचलून कमरेला खोचली आणि भावाला निरोप धाडला.

मेस्त्री आला. त्याने लेकीला केबिनमध्ये बसवलं आणि पेडल दाबून धरायला सांगितलं.

"खाली जातंय का हळूहळू?"

"नाही मामा. एकदा दाबलं की तळाला जातं, पण भराभर दाबलं की वर येतं. वर आलं की तिथेच थांबतं."

"मग पेडलचा मास्टर सिलिंडर ठीक आहे. तेलाच्या लाइनीत हवा आहे," मेस्त्री म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "ताई, भाऊजींना सांग, सिलिंडर बदलले तेव्हा हवा नीट निघाली नाही."

"त्याला सांग, हवा त्यानेच काढली होती. तेल मी ओतलं होतं. तेल ओतण्यात चूक होत नाही."

मग सुरू झालं हवा काढणं. मेस्त्री चाकामागे आडवा, हवा सोडायच्या निपलला प्लास्टिकची नळी लावलेली, नळीचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत. लेक दाबते, मामा निपल सोडतो, तेल येतं, मामा निपल आवळतो, लेक पाय उचलते. भोंगा बॉनेटपाशी उभा राहून डब्यात तेल ओततो. पुढचं डावं चाक झालं, उजवं झालं, मागची झाली, परत पुढची झाली. बाटलीत स्वच्छ तेल आलं. बुडबुडा म्हणून एक नाही.

"आता दाब."

"मऊ," वरून आवाज आला.

मेस्त्रीने कपाळाला तेलकट हात लावला. मग त्याने चारी चाकांकडे जाणारे रबरी पाइप चिमटे लावून आवळले. पेडल दगडासारखं झालं. मागचे सोडले, तरी दगड. पुढचा एक सोडला तर पेडल थोडं खाली गेलं, दुसरा सोडला आणि ते परत तळाला.

"म्हणजे भानगड पुढच्या दोन चाकांतच आहे, मागे नाही," तो म्हणाला. "ताई, भाऊजींना सांग, पुढचं उजवं त्यांनी बसवलंय."

"आणि डावं कोणी बसवलंय म्हणावं? त्याच्या सासऱ्याने?"

"तुम्ही दोघं," बायको म्हणाली. शेंगांची परात तिने बाजूला ठेवली. ती अशी हळू बोलायला लागली की घरात मांजरही उठून बसायचं. "मी काय टेलिफोनची तार आहे? सकाळपासून एक जण मला तेल सांगतोय, एक जण सासरा सांगतोय. उद्या माझी पोर त्या उतारावरून येणार आहे. आता ऐका. तुम्ही दोघांनी माझ्यासमोर शेजारी-शेजारी उभं राहायचं आणि एका तोंडाने सांगायचं की ब्रेक लागतो. तोपर्यंत चावी माझ्याकडे. पोरीला मी घरात घेऊन जाते. तिचं जेवण व्हायचंय. तुमचं कधी व्हायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

आणि तिने दार लावून घेतलं.

तार तुटल्यावर दोन्ही टोकं जशी लोंबकळतात, तसे दोघं अंगणात उभे राहिले. मग मेस्त्री ट्रकच्या डाव्या बाजूला गेला आणि भोंगा उजव्या.

उजव्या चाकामागे भोंगा पाठीवर पडून राहिला. खाली पडून मेव्हण्याला मनातल्या मनात शिव्या द्याव्यात एवढाच विचार होता. चार-पाच चांगल्या जमल्याही. सहावीच्या मधेच त्याचं लक्ष चाकाच्या आतल्या बाजूला गेलं. सिलिंडरला तेल आणणारा पाइप वर जोडलेला होता आणि हवा काढायचं निपल त्याच्या खाली होतं.

भोंगा शिवी विसरला. हवा कुठे जाते? वर. निपल कुठे आहे? खाली. पाण्याच्या पिंपाला तळाशी तोटी असते, ती दिवसभर सोडून ठेवली तरी तिच्यातून पाणीच येणार. वरची हवा आपली झाकणाखाली मजेत बसलेली. बुडबुडा येणार कुठून! डाव्या चाकाचा सिलिंडर उजवीकडे बसला होता. आणि तो त्याने स्वतः, आपल्या हाताने, कोणाला एक शब्द न विचारता बसवला होता.

मेव्हण्याला हे कळलं तर? अड्ड्यावर ही गोष्ट आपण मेल्यावरही हसत-हसत सांगितली जाईल. छे! दुपारची जेवणाची वेळ आहे, तोवर गुपचूप काम उरकावं. त्याने जॅक लावला, नट सैल केले, चाक उतरवलं, ड्रम काढला. गुडघा ओरडत होता, भोंगा ओरडत नव्हता, एवढाच काय तो फरक. पलीकडूनही काहीतरी खणखणत होतं, पण चोराला दुसऱ्याचा आवाज ऐकायला सवड नसते. सिलिंडर सोडवून त्याने उलटा करून लावून पाहिला. निपल वर गेलं, पण पाइपाचं भोक भलतीकडेच आलं. म्हणजे हा इथे बसणारच नव्हता. इथे हवा होता याचा जोडीदार.

आणि जोडीदार कुठे होता? पलीकडे. मेव्हण्याच्या चाकात.

तेव्हा कुठे भोंग्याच्या डोक्यात उजेड पडला. डावा इकडे आला असेल तर उजवा तिकडे गेला असणार. म्हणजे तोही चुकला! त्याला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की हसून चाक बसत नाही. ज्याची चूक हसत सांगायची, त्याच्याच हातातला सिलिंडर मागायचा होता.

तो चवड्यांवर चालत ट्रकच्या नाकाकडून वळला. समोरून मेस्त्री चवड्यांवर चालत येत होता. दोघांच्या हातात एक-एक सिलिंडर. दोघांनी एकदम हात मागे लपवले. दोघांचे चेहरे असे, जणू दुसऱ्याच्या झाडावरचे आंबे शर्टात आहेत.

मेस्त्रीने आकाशाकडे पाहिलं. भोंग्याने टायरकडे पाहिलं. सवयीने दोघांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, पण दार बंद होतं. निरोप घेऊन जाणारं कोणी नव्हतं.

आतून लेकीचा आवाज आला. ती आईला उताराविषयी काहीतरी सांगत होती, तिसऱ्या वळणावर गियर कोणता टाकायचा ते, अगदी खुशीत. भोंग्याला ते वळण दिसलं. पोरीचा पाय पेडलवर जाताना दिसला. एकदा. आणि पेडल तळाला जाताना दिसलं. अड्डा, हसणारे लोक, इज्जत, सगळं विसरून त्याने लपवलेला सिलिंडर पुढे केला.

"माझ्या हातून चुकीचा बसला रे," तो म्हणाला. "डाव्याचा आहे हा. तुझ्याकडचा दे."

मेस्त्रीने मागचा हात पुढे आणला. "भाऊजी, मी पण तेच मागायला निघालो होतो. अर्ध्या रस्त्यात पाय उचलेना." त्याने सिलिंडर भोंग्याच्या हातावर ठेवला. "आणि मी तर मेस्त्री. तुम्हाला निपल नाही दिसलं तर चालतं. मला दिसायला हवं होतं. तुमच्यावर लक्ष ठेवण्यात गेला माझा वेळ."

"माझा तुझ्यावर."

दोघं खाली बसले. मग भोंग्याच्या कपाळाला आठी पडली. "पण मला सांग, त्या दिवशी आपल्याला नव्या सिलिंडरचे खोके कोणी दिले होते? तू डावीकडे, मी उजवीकडे. आपण काही उठलो नव्हतो. हातात आणून कोणी…"

दोघांनी परत त्या बंद दाराकडे पाहिलं.

"माझीच चूक," मेस्त्री घाईने म्हणाला.

"छे, छे, माझीच," भोंगा त्याच्याहून घाईने म्हणाला. "कोणी विचारलं तर दोघांची सांगू."

सिलिंडर आपापल्या जागी गेले. या वेळी भोंगा केबिनमध्ये बसला आणि मेस्त्री थेट त्याच्याशी बोलला: दाबा, धरा, सोडा. नळीतून आधी फसफसून बुडबुडे निघाले, रागावलेल्या माणसासारखे, मग लहान, मग एखाद-दुसरा, मग नुसतं तेल. दुसऱ्या चाकाचंही तसंच. भोंग्याने पेडल दाबलं आणि त्याचा पाय वरच अडकला. त्याने खात्रीसाठी आणखी दाबलं, तर गुडघाच कळवळला.

"लागलं?"

"अरे, भिंत आहे भिंत!" भोंगा आपल्या मूळ आवाजात ओरडला. शेजारची दोन कुत्री उठून निघून गेली.

दार वाजवून दोघं शेजारी-शेजारी उभे राहिले आणि एका तोंडाने म्हणाले, "ब्रेक लागतो." बायकोने आधी त्यांच्या तेलकट चेहऱ्यांकडे पाहिलं, मग दोघांच्या एकमेकांना चिकटलेल्या खांद्यांकडे. "काय निघालं?" तिने विचारलं. "हवा," दोघं म्हणाले. तिने जास्त खोदलं नाही. लेकीच्या हातात चावी ठेवली.

"उद्या मी पुढे बसते पोरीशेजारी," ती म्हणाली. "आणि दुरुस्ती ज्यांनी केलीय, ते येताना मागे फरशीवर बसतील. एवढा विश्वास आहे ना तुमचा?"

कोणाची ना म्हणायची टाप होती!

दुसऱ्या दिवशी खाणीत ट्रक भरला आणि दोघं मेव्हणे फरशीच्या थप्पीवर जाऊन बसले, केबिनच्या पत्र्याला पाठ लावून. तोंड मागे, त्यामुळे पुढचं काही दिसायचं नाही, गेलेला रस्ता तेवढा दिसायचा. उतार सुरू झाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. भोंग्याच्या लक्षात आलं की आपला उजवा पाय फरशी अडवायला समोर ठोकलेल्या फळीवर रुतलाय. त्याने शेजारी पाहिलं. मेस्त्रीचाही.

तिसऱ्या वळणावर पुढून अचानक शेळ्यांचं बें-बें ऐकू आलं. खूप शेळ्या, अगदी जवळ. भोंग्याने फळी दाबली, जिवाच्या आकांताने. दुसऱ्यांदा दाबायला त्याने पाय उचलला, तोवर गाडी उभी राहिली होती. झटका नाही, घसरणं नाही, कडेला जाणं नाही. फरशीची एक लादीसुद्धा हलली नाही. शेळ्या ट्रकच्या दोन्ही बाजूंनी आरामात वर निघून गेल्या. त्यांच्यामागचा गुराखी जाताना या दोन घामाघूम माणसांकडे टकामका बघत राहिला.

भोंग्याचे डोळे भरून आले. ते पुसायची त्याला लाज वाटली नाही. आपण इतकी वर्षं या रस्त्यावर गाडी थांबवली, पण अशी कधीच नाही, हे त्याला कळलं, आणि त्याचं वाईट मुळीच वाटलं नाही.

"फळी आहे ती, भाऊजी," मेस्त्री हळूच म्हणाला. "पेडल तिच्या पायाखाली आहे."

"माहीत आहे रे," भोंगा म्हणाला.

गाडी पुन्हा उतरायला लागली. पुढचं वळण यायच्या आत भोंग्याने फळीवरचा पाय उचलला आणि दोन्ही पाय लांब पसरून सैल सोडले.