कुंदाच्या नावाचे ताट

२४ डिसेंबर १९५४, शुक्रवार, संध्याकाळचे साडेचार. मुलुंडच्या एका चाळीत जयवंत भिंगारदिवे याच्या खोलीत त्याची बायको गेल्यापासून पहिल्यांदाच नाताळची कढई चढली, आणि पहिलीच करंजी तेलात फुटली.

"वाट लागली!" वसुधा ओरडली. ती बारा वर्षांची होती. "सगळं सारण बाहेर, पपा. आईच्या नव्हत्या फुटत."

"काठ नीट दाब."

"दाबलेत! तुम्ही तिकडे बसा ना. उगाच डोक्यावर उभं राहू नका."

जयवंत उंबऱ्यावर जाऊन बसला. तो चाळींना पाणी सोडणारा चावीवाला होता. पाच वाजता त्याला चावी फिरवायला जायचे होते. त्याची नजर पुन्हा पुन्हा फळीवर जात होती. फळीवर पितळेची दोन ताटे उभी होती. एकावर त्याच्या बायकोचे, 'कुंदा' असे नाव ठोकलेले होते, दुसऱ्यावर 'मालन'.

दुसरे ताट त्या घरचे नव्हते. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत रिवाज होता की ज्या घरात मयत झाले, त्या घराने त्या नाताळाला काही तळायचे नाही. फराळाची ताटे शेजारीपाजारी पाठवतात. ताट परत जाते ते भरून, रिकामे कधीच नाही. घाई नसते. कुंदा गेली त्या वर्षी सहा-सात घरांतून ताटे आली. पुढच्या नाताळाला जयवंतने हलवायाकडचे पेढे घालून ती परत केली. मालनबाईंचे तेवढे राहिले.

मालन उजागरे प्रसूतिगृहात नर्स होती. मैदानापलीकडच्या चाळीत एकटी राहायची. रविवारी शब्बाथशाळेत मुलांना शिकवायची, त्यांत वसुधाही होती. ताट का राहिले असे कोणी विचारले की जयवंत म्हणायचा, विसरलो. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाला, तेव्हा शेजारच्या विमलाबाईंनी तोंड उघडले.

"अहो, ताट द्यायचंच नसेल तर ताटवालीच घरात आणा ना! नाहीतरी रोज पुसताय ते."

चाळ हसली. जयवंतही हसला. पण त्यानंतर ते विसरलो म्हणणे त्याला जमेना.

नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी उपासना संपल्यावर त्याने मालनबाईंना गाठले. मुलांनी पसरलेल्या चटया त्या गुंडाळत होत्या. जे बोलायचे ते त्याने एका दमात बोलून टाकले आणि चटईचे दुसरे टोक धरले.

मालनबाईंनी चटई पूर्ण गुंडाळली. मग म्हणाल्या, "जयवंतराव, मला तुम्ही आवडता. ते नाही म्हणत नाही मी. पण वसुधाचं काय?"

"ती लहान आहे. होईल सवय."

"सवय? घरात भाऊ आला तरी पोरं आठ-आठ दिवस रुसून बसतात. मी रोज बघते. इथं तर बाई येणार." त्या थोड्या थांबल्या. "माझं ताट आहे ना तुमच्याकडे? या नाताळाला ती काय करते बघू. तिनं स्वतः आणून दिलं, तर मी समजेन, तिला घरात माझं काही नकोय. मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि नाही आणलं तर?"

"तर बोलू. पण तिला यातलं काही सांगायचं नाही. शपथ नको, नुसतं हो म्हणा."

तो हो म्हणाला होता, आणि त्याने शब्द पाळला होता. म्हणूनच वसुधाने मालनबाईंचे ताट फळीवरून काढले, तेव्हा तो गप्प राहिला. तिने ते चिंच लावून घासले. उन्हात धरून पाहिले, पुन्हा घासले.

"कुठं द्यायचं हे?" त्याने विचारलेच.

"काळं पडलं होतं. तुम्ही कोरड्या फडक्यानं पुसता, त्यानं काय होतंय?"

पाच वाजत आले होते. त्याने लोखंडी चावी खांद्यावर टाकली आणि तो निघाला. चावी फिरवून तो सरळ झाला, तेव्हा मैदानातून वसुधा जाताना दिसली. हातात रुमालाने झाकलेले ताट होते. रुमालाबाहेरचा पितळी काठ चमकत होता. ती मालनबाईंच्या चाळीकडे वळली.

त्या संध्याकाळी एका गल्लीला पाणी सोडायचे तो विसरला. बायकांनी खिडकीतून हाका मारल्या तेव्हा पुन्हा मागे गेला.

घरी आला तेव्हा वसुधा फुटलेल्या करंज्या वेगळ्या काढत होती. जयवंतने चावी कोपऱ्यात टेकवली आणि फळीकडे पाहिले. मालनबाईंचे ताट तिथेच होते, लखलखीत. शेजारची जागा रिकामी होती.

"कुठलं ताट नेलंस गं?"

"आईचं."

"का?"

"त्यांचं त्यांना देऊन टाकलं तर झालं, संपलं. आईचं परत द्यायला त्यांना यावं लागेल ना. तेही भरून." वसुधा खालीच बघत होती. "आणि आईचं नाव आहे त्यावर. ते असू दे त्यांच्या डोळ्यांपुढं."

जयवंतने एक फुटलेली करंजी उचलली. मग म्हणाला, "काय म्हणाल्या?"

"रुमालाखालून एक करंजी काढून खाल्ली. खोबरं ओलं राहिलं म्हणाल्या, थोडं भाजून घेत जा. मग रुमाल काढला, नाव वाचलं. ताट आत घेऊन गेल्या, त्या बाहेरच येईनात. मी आले निघून."

दुसऱ्या दिवशी नाताळच्या उपासनेला मालनबाई आल्या. बायकांच्या बाजूला बसल्या. बाहेर पडताना सगळ्यांशी हात मिळवले, जयवंतशीही. ताटाचा विषय कोणी काढला नाही.

२ जानेवारीपर्यंत ताट परत आलेले नव्हते. विमलाबाईंनी आणलेली बातमी एवढीच होती, की आदल्या दिवशी वाण्याकडून मालनबाईंनी शेरभर रवा आणि दोन नारळ घेतले. नाताळ तर होऊन गेला होता.