हलणारी चकती

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी तोंड उघडायच्या आत थोरला भाऊ बोलून मोकळा झाला, "हा आता दुकानात गल्ल्यावर बसणार."

"मग खालचे दोन मणके जोडून टाकू. तेवढी जागा हलणार नाही, पण दुखणं थांबेल."

"दादा खोटं बोलतोय," मी म्हटलं. "मी फरशी बसवतो. दिवसभर वाकून."

डॉक्टरांनी माझ्या कंबरेची एमआरआय फिल्म पुन्हा उजेडात धरली. त्या दोन मणक्यांमधली एकच चकती झिजली होती, मागचे सांधे चांगले होते. तिथं कृत्रिम चकती बसवता येईल, कंबर वाकत राहील, असं ते म्हणाले.

दादाचं तोंड कडू झालं. माझी फरशीची कामं त्याला स्वतःच्या जावयाच्या पदरात टाकायची होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"वाकायची एवढी हौस?" त्यानं नर्सनं माझ्यापुढे ठेवलेल्या संमतीपत्रावरचं पेन जमिनीवर फेकलं. "मग वाक. उचल!"

बसल्या जागी कळ मांडीत उतरत होती. मी हललो नाही.

"तूच उचल, दादा. तुझी कंबर शाबूत आहे."

नर्सनं स्वतःचं पेन पुढे केलं. कृत्रिम चकतीच्या संमतीपत्रावर मी सावकाश पूर्ण नाव लिहिलं.