मी फार गुळगुळीत होतो

“बाबा, सकाळी सकाळी लिंबाच्या झाडाखाली तुम्ही काय पुरता?”

हा प्रश्न विचारायची पैज टकळीशी तिच्या तीन मैत्रिणींनी लावली होती. त्यातली एक समोरच्याच घरात राहते. खिडकीत दात घासत उभी असताना तिनं चारदा पाहिलं होतं, की टकळीचे बाबा चोरपावलांनी बागेत येतात, माझ्यात हात घालून काहीतरी उचलतात आणि थापीनं खड्डा करून पुरून टाकतात.

“गुप्तधन असणार गं!” दुसरी म्हणाली होती. “हिंमत असेल तर आमच्यासमोर विचार.”

टकळीची हिंमत हल्ली नुसती उतू जात होती. तिनं विचारलं. तिघी कुंपणाला टेकून हसू दाबत उभ्या होत्या. बाबा मात्र हातातल्या थापीकडे बघत राहिले.

मित्रांनो, उत्तर मला ठाऊक होतं. मी या बागेतला पक्ष्यांचा पाणवठा. ‘मी एक जुना अमुक आहे’ अशी सुरुवात करायची रीत आहे, पण थापा कशाला मारू? मला उणेपुरे चार महिने झालेत. तरी मी जुना झालोय. जे पोटात घेतलं, त्यानं झालोय.

माझा जन्म दोन घमेल्यांच्या मध्ये झाला. मोठ्या घमेल्याला आतून आणि लहानाला बाहेरून तेल चोपडलं, मधल्या फटीत सिमेंट, वाळू आणि रंगीत बारीक खडी ठासली. दोन दिवसांनी घमेली सुटी झाली आणि मी बाहेर आलो, ओबडधोबड, खरखरीत, वीतभर खोल.

“अहो, एवढं खोल कशाला?” टकळीच्या आईनं शिवणयंत्रावरूनच विचारलं.

“उथळ पाणी तापतं गं. खोल असलं की गार राहतं,” बाबा म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांना पाणी कळत होतं. पक्षी कळत नव्हते.

टकळीचे बाबा फरशी पॉलिशवाले. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरातल्या फरश्या घासल्या. आता लोक कारखान्यातूनच चकचकीत फरश्या आणतात, त्यामुळे बाबांचं यंत्र पोत्याखाली बसून असतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या कामापुढे टकळी ‘व्यवसाय’ एवढंच लिहायची. कुणी “कसला गं?” विचारलं की तिला लगेच गृहपाठ आठवायचा.

म्हणून शाळेच्या प्रदर्शनासाठी ती “बाबा, मला पाणवठा करून द्याल?” म्हणाली, तेव्हा त्या माणसाच्या अंगात वारं शिरलं. खरखरीत दगडापासून मऊ दगडापर्यंत एकेक घेऊन त्यांनी मला सहा दिवस घासलं. वर मेण लावलं. मग त्यांची नेहमीची परीक्षा. काठावर गोटी ठेवली आणि सोडली. ती मध्ये कुठेही न अडता तळाशी गेली. “गोटी अडली तर माझं काम कच्चं,” ते म्हणाले आणि टकळीकडे बघून हसले.

प्रदर्शनात टकळीनं माझ्याशेजारी ‘पाणवठा असा करा’ असा स्वतः लिहिलेला कागद लावला. पहिलं बक्षीस मिळालं. टकळीनं माइकवर सांगितलं, “माझे बाबा फरशी पॉलिश करतात. हे त्यांनी केलंय.” पहिल्यांदा, सगळ्यांसमोर! त्या दिवसापासून ती वर्गात हात वर करायला लागली, भांडायला लागली, मोठ्यानं हसायला लागली. प्रदर्शनानंतर मला बागेत ठेवलं, तेव्हा पाहायला माणसं यायची, माझ्यात वाकून आपलंच तोंड बघून केस सारखे करायची. मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

मित्रांनो, मोठे पक्षी शहाणे होते. काठावर बसून, मान लांब करून प्यायचे आणि उडून जायचे. पण मग पिल्लं उडायला शिकली. पहिलं पिल्लू काठावर टेकलं आणि त्याचे पाय सुटले. गोटीसारखंच ते मध्ये कुठेही अडलं नाही. ते चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. त्याची नखं माझ्यावर फिरत होती आणि मी त्याला एक ओरखडासुद्धा देऊ शकलो नाही, धरायला. त्याची आई काठावर नाचत ओरडत होती. मग नखं थांबली.

मला हात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

बाबांना वाटलं, असेल एखादं अशक्त. दुसरं गेलं तेव्हा ते माझ्याजवळ उकिडवे बसून राहिले. तिसरं गेल्यावर त्यांनी गपचूप एक वीट आणून माझ्यात ठेवली, पिल्लांना चढायला. ती वीट कुरूप होती, पण दोन दिवस कुणी मेलं नाही. ते माझ्या आयुष्यातले एवढेच चांगले दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी टकळीला माझा फोटो काढायचा होता. “ई, बाबा, वीट काय ठेवलीय! सगळी शोभा गेली,” म्हणत तिनं ती काढून कुंपणापाशी टाकली. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं, तर वर्गात वर झालेला तिचा तो हात पुन्हा खाली आला असता. त्यांनी वीट पुन्हा ठेवली नाही. त्याऐवजी ते सगळ्यांच्या आधी उठू लागले. त्यानंतर चार पिल्लं गेली. एकूण सात.

तर, त्या दिवशी कुंपणापाशी बाबांनी हे सगळं सांगितलं, थापीशीच बोलल्यासारखं. मैत्रिणींचं हसू कधी विरलं ते कळलंच नाही. टकळीनं एकच विचारलं, “वीट मी काढल्यावर किती?”

“राहू दे ना, बाळा.”

“किती, बाबा?”

“चार.”

ती हातोडी घेऊन माझ्यावर धावली. फोडलं असतं तर बरं झालं असतं. पण बाबा म्हणाले, “थांब. टाकी मारायची ती मी मारतो.” त्यांनी छिन्नी धरली आणि सहा दिवसांची चकाकी अर्ध्या दिवसात उखडली. प्रत्येक घावाला ते डोळे मिटत होते. आईनं तळाशी वाळू आणि खडबडीत दगड भरले. आता माझ्यात काठाशी बोटभर आणि मध्ये दोन बोटं पाणी असतं. झुडपाआड मांजर दबा धरू नये म्हणून मला मोकळ्यावर आणलंय. टकळी रोज मला घासते, पाणी बदलते. बोलत मात्र नाही. वर्गात हात वर करणंही तिनं सोडलंय, असं आई परवा बाबांना सांगत होती.

पंधरा दिवस झाले. एकही पक्षी आलेला नाही. भिंतीवर बसतात, माझ्याकडे बघतात आणि जातात. मी त्यांना काय सांगू? की आता मी सुरक्षित आहे? माझ्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

मित्रांनो, मला क्षमा नको. एवढंच करा. पाणवठा कराल तेव्हा त्यावरून स्वतःची बोटं ओली करून फिरवा. बोट घसरलं तर पायही घसरणार. तो उथळ ठेवा, खरखरीत ठेवा, आत चढायला दगड ठेवा. आपल्याला छान दिसतंय म्हणून तो दगड काढू नका.

आज शाळा सुटल्यावर समोरची मैत्रीण पळत आली. धाप लागली होती तिला. “अगं, आमच्या मावशीकडे काल एक पिल्लू बुडालं. तुझा तो कागद बघूनच तिनं पाणवठा केला होता. ‘आरशासारखा घासा’ लिहिलंयस ना त्यात? तो अजून शाळेच्या फळ्यावर आहे. निदान पाच-सहा जणांनी तरी उतरवून घेतलाय.”

टकळी तिथंच मटकन बसली. मला वाटलं, संपलं. आता ही पोर कधीच उभी राहायची नाही.

मग ती उठली. आई दारात आली होती, हातात अर्धवट शिवलेली बाही. बाबा मागे उभे होते.

“मी आत्ता हिच्या मावशीकडे जातेय,” ती म्हणाली. आवाज पुन्हा मोठा झाला होता. “मग ज्यांनी ज्यांनी कागद उतरवलाय, त्या सगळ्यांकडे. आणि उद्या प्रार्थना झाली की मी माइक मागणार आहे. सात पिल्लं मेली ते सांगणार. वीट मी काढली तेही सांगणार. हसले तर हसू देत. बाबा, तुम्ही नाही आलात तरी चालेल, पण तुमची छिन्नी मला हवीय.”