बिनचेंडूचा व्हॉलीबॉल

शाळेने नेट मागवलं, खांब रोवले, हॉलच्या फरशीवर पांढरे पट्टे मारले आणि चेंडू मागवायचे राहून गेले. आता चेंडू येणार म्हणजे वरातीमागून घोडं, हे मी ओळखलं. पण सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी खेळायला परत यायचं, असा तास तर वेळापत्रकात लागला होता. मग मी, या शाळेची नाकावर राग असलेली खेळाची बाई, हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि नसलेला चेंडू वर उडवून दाखवला.

गुडघे वाकवा, टाचा हलक्या ठेवा, दोन्ही हात जोडून पुढे फळी करा, कोपर वाकवू नका, असं सांगत गेले. पोरं आधी फिदीफिदी हसली. मग हळूहळू हॉल शांत झाला. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन उतरायचं, त्यात धूळ तरंगायची आणि अख्खा चौथीचा वर्ग माना वर करून, पावलं न वाजवता सरकत असायचा. कुणी सर्व्हिस केली की पलीकडचे धावायचे. चेंडू आत पडला की बाहेर, यावर भांडणंसुद्धा व्हायची. एरवी घसा फाटेस्तोवर ओरडणारी मी त्या तासाला कुजबुजत बोलायचे. इतकी सुखात मी सुट्टीच्या दिवशीही नसते.

भांडणं सोडवायची ती तंद्री. वर्गात तिचं लक्ष कधी नसायचं, म्हणून पोरांनीच हे नाव ठेवलेलं. ती बघेल तिथेच चेंडू असतो, हे मात्र सगळ्यांना बिनतक्रार मान्य होतं. ती हात पुढे करायची आणि मला, चाळिशी ओलांडलेल्या बाईला, तिच्या मनगटांवर चेंडू टेकलेला दिसायचा.

मग खरे चेंडू आले. पहिलाच तिच्या नाकावर बसला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. त्यांचं काचांचं दुकान होतं. हा खेळ हिच्या प्रकृतीचा नाही, शुक्रवारपर्यंत येऊ दे, सोमवारपासून या वेळेला चित्रकलेच्या वर्गाला घालतो, असं ते म्हणाले. माझा पारा चढला होता, पण माणूस इतका हळू बोलत होता की भांडायला सुरुवात कुठून करावी तेच कळेना. तंद्री बुटांकडे बघत उभी होती. तिला चित्रकला नको होती, हे मला दिसत होतं.

मग मी जंग जंग पछाडलं. चेंडू दोरीने नेटला टांगला. चिंध्यांचा मऊ चेंडू केला. तिला खाली बसवून, स्वतःच वर टाकून स्वतःच झेलायला लावलं. दुसऱ्याने टाकला की डोळे मिटायचे ते मिटायचेच. शुक्रवारी ती आपणहून बाकावर जाऊन बसली. मीही शेजारी टेकले.

"बाई, आपला चेंडू मी बघितलं की यायचा," ती म्हणाली. "हा मी बघायच्या आधीच येतो."

आम्ही दोघी खेळ बघत राहिलो. एक मुलगा सर्व्हिसला उभा राहिला तशी ती पुटपुटली, मागच्या कोपऱ्यात. चेंडू तिथेच पडला. पुढच्या मुलीला म्हणाली, नेटला लागणार. लागला. कसं कळलं विचारलं, तर म्हणाली, तिचा खांदाच तसा आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चेंडू नव्हता त्या सगळ्या दुपारी ही पोरगी माणसं बघत होती. आणि खरे चेंडू आल्यापासून मी ओरडतेय, चेंडूवर नजर ठेव! मी तिला उलटं सांगितलं. चेंडूकडे बघूच नकोस, टाकणाऱ्याकडे बघ आणि आधीच जाऊन उभी राहा. मी नेटपलीकडून टाकलेला पहिला चेंडू तिच्या मनगटावरून घसरला. दुसरा बसला. डोळे उघडे होते.

तिला न्यायला आलेले वडील दारात उभे होते. मी चेंडू त्यांच्याच हातात दिला आणि म्हटलं, टाका. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत काचेसारखा धरला, हात वर नेला आणि तसेच उभे राहिले. नेटपलीकडून तंद्री त्यांना निरखत होती.

"बाबा, तू टाकणारच नाहीयेस."

त्यांचा हात खाली आला. चेहरा पार उतरला. मला त्यांची दया आली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

"लागेल गं तुला."

"लागेल," ती म्हणाली. "टाक."

त्यांनी टाकला. जोरात, वेडावाकडा, जन्मात काही फेकलं नसावं तसा. ती केव्हाच बाजूला सरकून गुडघे वाकवून थांबली होती. चेंडू तिच्या हातांवरून उसळून छताकडे गेला. मान वर करून त्याच्याकडे बघता बघता त्यांनी मला विचारलं, सोमवारी हिला किती वाजता आणून सोडू?